मुलांना चाके, मोठ्यांना कट्टा

स्केटिंग हा लहान मुलांचा खेळ आहे, आणि तोही पाचव्या वर्षी सुरू करून दहावीचे वर्ष आले की सोडून देण्याचा, अशी आपल्या बडोद्यातील सुशिक्षित घरांची समजूत होऊन बसली आहे. संध्याकाळी स्केटिंगच्या एखाद्या वर्गाजवळून जाऊन पाहावे. आत काँक्रीटच्या गोलात तीस-चाळीस मुले शिटीच्या हुकमावर फेऱ्या घालीत असतात, आणि बाहेर कट्ट्यावर त्यांचे आईबाप पाण्याच्या बाटल्या व दप्तरे सांभाळीत मोबाईलमध्ये मान घालून बसलेले असतात. तास संपतो तेव्हा मूल घामाने निथळलेले, आणि बापाची बसून बसून पाठ धरलेली! व्यायामाची गरज दोघांत कोणाला अधिक होती हे सांगायला वैद्य नको. आमचे म्हणणे एवढेच आहे की, हा कट्टा रिकामा झाला पाहिजे आणि त्यावरची माणसे आत गेली पाहिजेत.

गाण्याच्या मास्तराने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. संस्थाने विलीन झाल्यावरही राजवाड्यातील सणसमारंभांत आमच्या वडिलांची हजेरी असे, आणि आम्ही शिकवण्या करून तीच विद्या पुढे चालवतो. अशा घराचा चाकांशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो अगदी मुळाशी आहे. चाकांचे बूट घालून लोकांपुढे आलेला पहिला माणूस म्हणून ज्याचे नाव सांगतात, तो जॉन जोसेफ मर्लिन वाद्ये बनवणारा कारागीर होता. आजच्या बेल्जममध्ये 1735 साली जन्मलेला हा गृहस्थ 1760 साली लंडनला आला आणि तेथेच राहिला. हार्प्सिकॉर्ड आणि पियानो ही दोन वाद्ये एकाच पेटीत बसवण्याच्या युक्तीचे पेटंट त्याने 1774 साली मिळवले. गेन्सबरोसारख्या चित्रकाराने त्याची तसबीर काढली. असा हा माणूस सोहो भागातील कार्लाइल हाऊसमध्ये मुखवटे घालून होणाऱ्या एका जलशाला पायांना चाके बांधून, हाती व्हायोलिन घेऊन, वाजवीत वाजवीत शिरला. पुढे काय झाले ते ठाऊकच आहे. त्याला वळता येईना, थांबता येईना. समोर पाचशे पौंडांहून अधिक किमतीचा आरसा होता, त्यावर तो जाऊन आदळला. आरसा फुटला, व्हायोलिनचे तुकडे झाले आणि तो स्वतः जबर जखमी झाला. टॉमस बझ्बी या संगीतलेखकाने ही हकीकत 1825 साली छापली. तेव्हा मर्लिन जाऊन बावीस वर्षे झाली होती, म्हणून तिच्यात थोडे तिखटमीठ पडले असेल तर पडो.

लोक ही गोष्ट हसण्यासाठी सांगतात. आम्हाला मात्र तिच्यात एक तालीम दिसते. मर्लिनपाशी सूर होता, गती होती, हौस तर भरपूर होती. नव्हती ती समेवर येण्याची सोय.

ती सोय व्हायला शंभर वर्षे लागली. मधल्या काळात ही चाके रंगभूमीवर मात्र पोहोचली होती. 1849 साली पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअरच्या ‘ल प्रोफेत’मध्ये बर्फावर घसरण्याचा जो नाच होता, तो नर्तकांनी चाके बांधून केला. पण तो नाटकवाल्यांचा मामला झाला. गृहस्थाश्रमी माणसाला हा खेळ जमू लागला तो 1863 नंतर. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने त्या वर्षी दोन पुढे व दोन मागे अशा चार चाकांचा स्केट काढला आणि आसाच्या जोडात रबराची उशी बसवली. त्यामुळे अंग ज्या बाजूला कलेल त्या बाजूला चाके आपोआप वळू लागली. युक्ती म्हटली तर एवढीशी. पण आज जो स्केट मिळतो, त्याच्या पोटात हीच युक्ती आहे. (एका ओळीत चाके असलेला तो दुसरा प्रकार 1980 नंतर अमेरिकेतून नव्याने पसरला, वेगाला तो बरा, शिकाऊ प्रौढाला आमच्या मते चार चाकेच बरी.)

प्लिम्प्टनची दुसरी करामत मात्र कमी सांगितली जाते आणि आमच्या दृष्टीने तीच मोठी आहे. 1866 साली न्यूपोर्ट गावी अटलांटिक हाऊस नावाच्या हॉटेलातील जेवणाच्या दालनात त्याने स्केटिंगसाठी जागा केली आणि तेथे स्त्रीपुरुषांना एकत्र बोलावले. त्या काळी तिकडेही भल्या घरच्या मुलीने कोणता व्यायाम करावा याची मोठी चर्चा असे. बाप, आई, मुलगी, जावई असे सारे एकाच फेरीत फिरू शकतील असा प्रतिष्ठित व्यायाम म्हणून स्केटिंग वाढले. पुढे रिंकवर बँड आला, मग भल्या मोठ्या ऑर्गनची वाद्ये आली. या खेळाचा पाया कुटुंबांनी आणि वाजपाने घातला. आपण त्यातली शिटी तेवढी उचलली!

कोणी म्हणेल, या साहेबी गोष्टी; आपल्याकडे वडील माणसे अशी फिरत नाहीत. या शहरात राहून असे म्हणणाऱ्याचे आम्हाला नवल वाटते. नवरात्रात येथे काय चालते? नऊ रात्री हजारो माणसे डाव्या हाताच्या अंगाने गोल फिरत असतात. त्यांत सात वर्षांची पोर असते, तिची आई असते आणि गुडघे दुखतात म्हणून वर्षभर जिना न चढणारी आजीही असते. गरबा हा लहान मुलांचा खेळ आहे, मोठ्यांनी बाहेर कट्ट्यावर बसावे, असे कोणी म्हणत नाही. आपल्या मराठी घरांतला भोंडलाही तसाच. हत्तीभोवती फेर धरताना लेक आणि माय यांत भेद नसतो. स्केटिंगच्या रिंकवरही फेरी त्याच दिशेने, डावा हात आत ठेवून चालते. ज्या शहराच्या पायांत फेर आहे, त्याला हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही.

आता थोडे लयीविषयी, कारण आमचा अधिकार असलाच तर तेवढ्यावर आहे. नवा माणूस चाकांवर उभा राहिला की चालू लागतो, म्हणजे पाय उचलून पुढे टाकू लागतो. येथे तसे करायचे नसते. एका पायाने बाजूला रेटा द्यायचा, आणि सारे अंग दुसऱ्या पायावर सोपवून तो नेईल तितके जाऊ द्यायचे. रेटा क्षणाचा, सरकणे मोठे. विलंबित ख्याल शिकणारा विद्यार्थी दोन मात्रांमधल्या मोकळ्या जागेला भितो आणि ती भरण्यासाठी काहीतरी खटपट करतो; नवशिका स्केटरही तसाच, सरकत राहण्याच्या त्या जागेला भिऊन दुसरा पाय घाईने टेकतो. दोघांनाही एकच गोष्ट सांगावी लागते: थांब, जागा आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा घ्या. पहिल्या मात्रेला उजव्या पायाचा रेटा, पुढल्या दोन मात्रा सरकणे. चौथ्या मात्रेला डाव्या पायाचा रेटा, पुन्हा दोन मात्रा सरकणे. पाश्चात्त्यांचा वॉल्ट्झ तीन मात्रांचा, म्हणून तो चाकांवर इतका शोभतो. कलात्मक स्केटिंगच्या स्पर्धांतील ‘ग्लाइड वॉल्ट्झ’ची गती मिनिटाला 108 मात्रा अशी बांधून दिलेली आहे, आमच्या पेटीवरचा मध्यलयीतील दादरा फार लांब नाही. हल्ली काही रिंकांवर गाणी लावतात खरी, पण ती इतकी कर्कश आणि इतकी धावती असतात की त्यांच्या तालावर पाय टाकणारा माणूस मर्लिनच्याच वाटेने जाईल.

स्पर्धेला आमचा विरोध नाही. 2023 साली हांगझौच्या आशियाई खेळांत तीन हजार मीटरच्या सांघिक शर्यतीत भारताच्या पुरुषांनी आणि स्त्रियांनीही कांस्यपदके मिळवली. पुरुषांच्या चौघांत कांबळे आणि इंगळे ही दोन आडनावे वाचून आमच्या घरी त्या दिवशी गोड झाले. त्याच चमूतील आनंदकुमार वेलकुमार हा चेन्नईचा मुलगा 2025 साली जागतिक स्पर्धेत हजार मीटरचे सुवर्णपदक घेऊन आला. अशी मुले निघावीत, आणखी निघावीत. पण वर्गातल्या चाळीस मुलांपैकी पदकापर्यंत कोण जाणार? उरलेल्यांच्या हाती काय राहते? विक्रमाच्या नावाखाली उभ्या मोटारींच्या पोटाखालून अंग सपाट करून पोरे सरकवायची आणि प्रशस्तिपत्रे भिंतीला लावायची, हा जो एक प्रकार बोकाळला आहे, त्याला आम्ही व्यायाम म्हणत नाही. दहावी आली की चाके माळ्यावर जातात. ज्या घरात बापानेही चाके बांधली आहेत, तेथे ती इतक्या सहजी माळ्यावर जात नाहीत.

बडोद्याला हे नव्याने सांगावे लागू नये. जुम्मादादांची व्यायामशाळा आणि प्रोफेसर माणिकराव यांचे हे गाव. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड येथूनच काढले. शरीर कमावणे हे जन्मभराचे काम आहे, असे समजणारी पिढी येथे होऊन गेली. तिच्या नातवंडांनी मुलाला रिंकवर पोहोचवणे हाच आपला व्यायाम मानावा काय?

पडण्याची भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. मोठ्या माणसाचे हाड मुलासारखे लवकर सांधत नाही. या खेळात सर्वांत जास्त इजा होते ती मनगटाला, कारण पडताना माणूस हात टेकतो. म्हणून डोक्याला हेल्मेट, आणि मनगट, कोपर, गुडघा यांना कवच हे चाकांच्या आधी विकत घ्यावे. पहिल्या दिवशी चालायला नव्हे, पडायला शिकावे: गुडघे वाकवून, अंग खाली घेऊन, गुडघ्याच्या कवचावर यावे आणि बोटे मुठीत ठेवावीत, म्हणजे मागून येणाऱ्याची चाके त्यांवरून जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी थांबायला शिकावे. चक्कर येण्याचा विकार असेल किंवा हाडे ठिसूळ असतील, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि रस्त्यावर जाऊ नये. आपल्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्याचीच जेथे शाश्वती नाही, तेथे चाकांवरच्या माणसाची गोष्ट कशाला? एवढे सांभाळले तर मांड्या, कंबर, पाठ आणि हृदय या सर्वांना काम देणारा, आणि धावण्यात पावलोपावली बसतो तसा सांध्यांना दणका न देणारा, असा हा व्यायाम आहे.

पोषाखाची सबब बायकांनी सांगू नये. नऊवारीचा काष्टा घालून ज्यांच्या आज्या-पणज्यांनी घोडी फेकली, त्यांना सलवार घालून चाकांवर उभे राहता येईल.

आम्ही स्वतः चाळिशी उलटल्यावर चाके बांधली. पहिले आठ दिवस कठडा सोडला नाही. गुरू कोण, तर आमचीच अकरा वर्षांची मुलगी! “बाबा, खाली बघू नका, बाबा, गुडघे वाकवा,” असा तिचा सपाटा सुरू असे. गाण्याच्या घरात मुलाला बाप दिसतो तो नेहमी शिकवणारा, चुका काढणारा. तिने त्या आठ दिवसांत शिकणारा बाप पाहिला, आणि त्यानंतर तंबोऱ्यापाशी बसल्यावर ती अडलेली जागा विचारू लागली आहे. पूर्वी ती गप्प बसत असे.

रिंक चालवणाऱ्यांकडे आमचे मागणे फार नाही. आठवड्यातून एक तास, रविवारी सकाळचा म्हणा, शर्यतीची मुले बाजूला ठेवून कुटुंबांसाठी राखावा. त्या तासाला शिटी नको. एक तबला-पेटी, नाहीतर निदान मध्यलयीतील चार ध्वनिमुद्रिका असाव्यात. तबला-पेटीची तजवीज आमच्याकडे लागली. आणि भाड्याच्या स्केटांत मुलांच्या मापाच्याच जोड्या असतात, त्यांत आठ-नऊ नंबरच्या दहा-बारा जोड्या व मोठ्या मापाची कवचे घालावीत. सध्या प्रौढ माणूस धीर करून आत गेलाच, तर त्याच्या पायाचा स्केट तेथे नसतो आणि तो मुकाट्याने कट्ट्यावर येऊन बसतो.