चेनसॉचं ऑइल येत नाही? पंप विकण्याआधी बारचं भोक बघा

‘सर, कमी भांडवलात कोणता धंदा करू?’ हा प्रश्न आला की माझं उत्तर आता ठरलेलं असतं. तुमच्या तालुक्यात जी मशिनं धडाधड विकली जात आहेत, त्यांची दुरुस्ती शिका. विकणारे खूप आहेत, बसून नीट बघणारे फार कमी.

चेनसॉचंच घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाड्यांमधली आंबा, नारळ, सुपारीची झाडं आडवी झाली. तेव्हा सगळ्यांना एकच मशीन हवं होतं. आज बागायतदाराकडे, सॉ मिलमध्ये, अगदी ग्रामपंचायतीतही चेनसॉ दिसतो. आणि त्याची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘चेनला ऑइल येत नाही, धूर निघतो.’

यावर बऱ्याच दुकानांत काय होतं? मशीन टेबलावर यायच्या आत निदान तयार: ‘पंप गेलाय, नवा टाकावा लागेल.’ माझा आक्षेप नेमका इथे आहे. पंप हा सगळ्यात शेवटचा संशयित असायला हवा.

ऑइलचा रस्ता समजून घ्या. टाकीत एक नळी, तिच्या टोकाला छोटा फिल्टर. तिथून पंप, पंपातून बार बसतो त्या जागेवरचं तोंड, मग बारला असलेलं बारीक भोक, तिथून बारच्या खाचेत आणि खाचेतून चेनवर. ओला भुसा आणि ऑइल यांचा चिखल बहुतेक वेळा त्या भोकात किंवा खाचेतच घट्ट बसलेला असतो. म्हणून इंजिन बंद, प्लगची कॅप काढलेली, आणि आधी बार उतरवायचा. भोक तारेने मोकळं करा, खाच पातळ पट्टीने खरवडून काढा. परत बसवताना बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील.

तरीही कोरडंच? मग बार-चेन काढून, कव्हर लावून इंजिन थोडा वेळ रेस करा, बंद करा आणि उघडून बघा. तोंडाशी ऑइल आलं असेल तर पंप ठणठणीत आहे, दोष पुढे आहे. नसेल तर मागे चला. फिल्टर तुंबलाय का, नळी फुगलीय किंवा चिरलीय का. टाकीला हवा घ्यायचा व्हेंट असतो, तो बंद झाला तरी ऑइल खेचलं जात नाही. झाकण जरा सैल करून चालवल्यावर ऑइल सुरू झालं, तर दोष व्हेंटचा. खालच्या बाजूला कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर तोही बघाच, कुणीतरी पिळून ठेवलेला असतो.

एवढं झाल्यावर क्लच. बहुतेक चेनसॉमध्ये त्याचे आटे उलटे असतात, नेहमीसारखा जोर लावाल तर आटेच जातील. आत वर्म गिअर असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये प्लास्टिकचा. चेनब्रेक लावून रेस केली की क्लच तापतो आणि तो गिअर वितळतो. मग पंप चांगला असूनही फिरवणार कोण?

शेवटची टेस्ट गिऱ्हाइकासमोरच घ्या. बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्या. ऑइलची रेघ उमटली की काम झालं. ती रेघ बघितलेलं गिऱ्हाईक मजुरीवर घासाघीस करत नाही.

आता पैशाचं बोलू. ‘भोक साफ केलं त्याचे कसले पैसे?’ असं ऐकवणारे भेटतील. पण चेन कोरडी फिरली तर चेन, बार, स्प्रॉकेट तिन्ही जातात, आणि कधीकधी पिकल्या सीझनमध्ये दिवसच वाया जातो. तुम्ही ते वाचवलंय. म्हणून तपासणीची फी वेगळी ठेवा, दुकानात पाटीवर लिहा, पार्ट लागो न लागो ती घ्या. ज्याची कमाई फक्त पार्टवर आहे, त्याला प्रत्येक मशिनात खराब पंपच दिसणार!

बाजूला चेन ऑइलच्या बाटल्याही ठेवा. गाडीचं काढलेलं काळं ऑइल लोक सर्रास भरतात, फुकट मिळतं ना! त्यात धातूचा कीस असतो, ते चेनवर टिकत नाही, आणि उडून हातातोंडावर येतं ते वेगळंच. गिऱ्हाइकाला त्याच्याच बारमधून निघालेला चिखल दाखवा, बाटली आपोआप विकली जाईल.

तुमच्या भागात या कामाची मजुरी काय चालते, कमेंटमध्ये लिहा. क्लच उतरवण्याचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात टाकतोय.