बाबागाडीत मेथी, कडेवर पोर

बाबागाडीचं वजन किती भरतं हे मला आमच्या गावातल्या भुसार दुकानदारानं सांगितलं. काट्यावरचं ज्वारीचं पोतं उतरवून त्यानं मिटलेली गाडी वर ठेवली आणि म्हणाला, "वैनी, साडेआठ किलो." आदल्याच आठवड्यात अंगणवाडीत लेकीचं वजन झालं होतं. सात किलो सहाशे. म्हणजे जिला न्यायचं ती हलकी आणि जी नेणार ती जड. दुकानदार म्हणाला, "मग पोरीलाच ढकलायला लावा की." गंमत गंमत म्हणून ठीक होतं, पण ती गाडी पायरीवरून उतरवताना माझ्या पाठीत जी कळ आली, तिनं हा लेख लिहायला लावला.

गाडी माझ्या नणंदेकडून आलेली. वन्सं हडपसरला राहतात. सोसायटीत लिफ्ट, लिफ्टमधून उतरलं की गुळगुळीत फरशी, फरशीच्या टोकाला बाग. त्यांचा मुलगा पळायला लागला, तशी गाडी आमच्याकडं आली. निळी, वर छत्री, खाली सामानाची जाळी आणि दांड्याला कॉफीचा कप ठेवायची खोबण. त्या खोबणीत आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी मिसरीची डबी बसवून बघितली. नेमकी बसली.

आमचं वडगाव रासाई भीमेच्या काठावरचं. तालुका शिरूर, पण नदी ओलांडली की दौंड. कचेरीचं काम निघालं तर शिरूरकडं तोंड करायचं आणि बाजारहाट करायचा तर नदीपलीकडं, चौफुला-केडगावच्या अंगाला. गावात किराणा मिळतो, दुधाला तर तोटा नाही. पण झबली, थंडीची टोपडी, डॉक्टरांनी लिहून दिलेलं एखादं औषध, यासाठी बाहेर पडावंच लागतं. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला. त्याची सुटी आणि बाजाराचा दिवस यांची पत्रिका जुळत नाही. आत्यांचे गुडघे गेलेले. तेव्हा जायचं मी, आणि माझ्याबरोबर लेक, कारण ती अजून अंगावर पिते.

पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत निघाले. आमच्या गल्लीत पेव्हिंग ब्लॉक आहेत. गाडीची पुढची चाकं माझ्या तळहाताएवढी, कुठंही वळणारी. ब्लॉकच्या प्रत्येक फटीवर ती कडकड वाजायला लागली आणि लेक सगळी थरथरायला लागली. तिनं तोंड उघडून लांबलचक 'आ' केला, तो 'आ' आतल्या आत कापत होता, आणि तिला ते इतकं आवडलं की गल्ली संपेपर्यंत ती गातच होती. पुढं गटारावरची लोखंडी जाळी. डावं चाक गजांच्या मधे गेलं आणि अडकलं. मी ओढते तर गाडी कलते, सोडते तर लेक पुढं झुकते. शेवटी दूध घालून परतणाऱ्या एका पोरानं मोटारसायकल लावून चाक सोडवलं. मग डांबरी रस्ता. उसाचे दिवस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून आला की साइडपट्टीवर उतरायचं, आणि साइडपट्टी म्हणजे मुरूम, चिपाडं आणि वेडी बाभळ. अर्धा किलोमीटरला चाळीस मिनिटं लागली. कडेवर घेतलं असतं तर दहा.

बाजाराला जाणारी जीप गाठली, तर जीपवाला म्हणाला, "ताई, सायकल टपावर टाका."

आता ही गाडी मिटायला दोन हात आणि एक पाय लागतो. तेवढ्या वेळात पोर कुणाकडं द्यायचं, याची सोय कारखान्यानं केलेली नाही. जीपमधल्या एका अनोळखी आजीनं न विचारता लेकीला ओढून मांडीवर घेतलं, तेव्हा कुठं मी ती मिटली. नंतर मी वाचलं, की छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९६५ मध्ये काढली. हा माणूस दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांवर काम केलेला. उडाल्यावर चाकं पंखांत ओढून घेण्याची विद्या त्याला येत होती. लेक त्याच्या नातीला घेऊन परदेशातून आली, तिची त्या अवजड गाडीशी चाललेली झटापट त्यानं पाहिली आणि ॲल्युमिनियमची, तीन किलोच्या आतली गाडी केली. म्हणजे त्या लेकीची अडचण बापाला दिसली, एवढ्यानं काम झालं. आमच्याकडं अडचण रोज दिसते. तिला अडचण म्हणायची रीत तेवढी नाही.

बाजारात दोन पालांच्या मधे वाट असते दीड हाताची. त्यात गाडी घातली आणि माझ्या मागं माणसं तुंबली. "ओ ताई, रस्ता आडला की!" मी बाजूला होणार कुठं? एका अंगाला वांगी, दुसऱ्या अंगाला प्लॅस्टिकचे टब. आणि त्या उंचीवरून लेकीला काय दिसत होतं ते मी वाकून बघितलं. गुडघे. धोतरं, साड्यांचे काठ, पँटी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची प्रत्येक पिशवी तिच्या तोंडासमोरून. कडेवरच्या पोराला बाजार दिसतो, फुगेवाला दिसतो, आईचं तोंड दिसतं. गाडीतल्या पोराला फक्त ओझी दिसतात. तिनं भोकाड पसरलं. उचलून घेतलं, गप्प. डाव्या कडेवर ती, उजव्या हातात रिकामी गाडी, आणि पिशवी दातात धरायची बाकी.

मेथी विकणारी एक म्हातारी हे सगळं बघत होती. म्हणाली, "अगं बया, पोर ऱ्हाऊ दे कडंवर अन् भाजी टाक की त्या गाड्यात. गाडा कशाला असतो?" मग बाळाच्या जागी मेथीच्या चार जुड्या बसल्या, पायाशी दोन किलो कांदे. म्हातारीनं स्वतः उठून पट्टा लावला. "लाव, पडंल," म्हणाली.

कापडाच्या दुकानाला चार पायऱ्या. केडगावच काय, कुठल्याही बाजारपेठेच्या गावात बघा, जुनी दुकानं रस्त्यापासून उंच. कारण सरळ आहे. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो, पावसाचं पाणी दुकानात शिरतं, मग दुकानदार जोतं चढवतो, पायरी वाढवतो. रस्ता आणि दुकान यांची ही चढाओढ वर्षानुवर्षं चाललेली, आणि मधे उभी मी. गाडी खाली लावून एक डोळा मेथीवर ठेवून टोपडं घेतलं. ते लहान निघालं, पण बदलायला परत चार पायऱ्या चढायची ताकद नव्हती.

येताना जीपमध्ये बसल्या बसल्या माझ्या मनात एक हिशोब जुळला, आणि या लेखात सांगायचं आहे ते तेवढंच. आपला सगळा व्यवहार बाईच्या कडेवर उभा आहे. जीपवाला माणसं मोजतो, कडेवरचं पोर मोजत नाही. दुकानाच्या पायऱ्या, बँकेची रांग, रेशन, दवाखाना, सगळ्यांनी गृहीत धरलेलं की पोर कडेवर येईल आणि कडेवर जाईल. आठ किलोचं ओझं तीन-तीन तास एका बाजूला धरणाऱ्या कमरेचं कुठं भाडं नाही, कुठं नोंद नाही. तेच आठ किलो एका दिवसापुरते चाकांवर ठेवले आणि लगेच रस्ता आडला, जागा कमी पडली, टपावर टाका. अडचण माझ्याकडं आधीपासून होती. चाकं लावल्यावर ती इतरांची झाली, म्हणून त्यांना दिसली.

पोर बापाच्या कडेवर असेल तर हिशोब निराळा होतो, हेही सांगते. एका सुटीला नवरा लेकीला घेऊन पंक्चर काढायला गेला. तासाभरात परत आला तो तीन जणांचं कौतुक, एक फुकट चहा आणि बसायला मिळालेली खुर्ची घेऊन. माझं कौतुक अजून कुणी केलेलं नाही. चहाही नाही.

हिरकणीची गोष्ट आपण पोरांना सांगतो. गवळण रायगडावर दूध घालायला गेली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरली. महाराजांनी तिथं बुरूज बांधला, तिचं नाव दिलं. आज एसटी स्थानकातल्या स्तनपानाच्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात, निमआराम गाडीलाही तिचंच नाव. या गोष्टीत मी नेहमी कडा बघत आले. आई झाल्यापासून मला तिची सकाळ दिसते. दूध घालायला निघाली तेव्हा बाळ घरी का ठेवलं? कारण डोक्यावर घागर आणि कडेवर पोर घेऊन गड चढणं जमलं नसणार. तिला कडा उतरावा लागला त्याची सुरुवात तिथं झाली. आपण बुरूज बांधण्यात तरबेज. चढण सोपी करण्यात नाही.

चढणीवरून आठवलं. एका बँकेत गेले होते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आल्यापासून आधार जोडा, खातं तपासा, यासाठी बायकांच्या रांगा सगळ्यांनी बघितल्यात, आणि त्या रांगेत दर तिसरीच्या कडेवर पोर. त्या बँकेला चक्क रॅम्प होता. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा, त्यानुसार सार्वजनिक इमारतींना रॅम्प लागतो. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. इथला पाच फुटांत दोन फूट चढलेला, घसरगुंडीच. आणि त्याच्या तोंडाशी सहा मोटारसायकली. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, काठीवाले आजोबा, बाबागाडीवाली मी, आमचं तिघांचं दुखणं एकच. पण आम्ही तिघं एका वेळी त्या दारात कधी उभे राहत नाही.

माझी तक्रार लाडाची आहे हे मला कळतं. हंगामात आमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, नगरकडच्या. त्यांची तान्ही पोरं फडाच्या कडेला झोळीत. बाजाराच्या दिवशी त्यांच्यातली एक भेटली, एक पोर कडेवर, एक पदराला. तिनं गाडीकडं बघितलं. "कितीला बसली?" मी म्हटलं, आलेली आहे, पण नवी पाच-सहा हजाराला असेल. ती काही बोलली नाही. मनात टनांचा हिशोब केला असणार. मग दुकानापुढच्या कोब्यावर तिनं दांडा धरला आणि रिकामी गाडी हातभर पुढं ढकलली, मागं ओढली. परत पुढं. गुळगुळीत जागेवर चाकं आवाज न करता फिरली. "हलकी चालती," म्हणाली, आणि कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेऊन गेली.

आणखी एक गोष्ट पुण्यात राहणाऱ्यांना कळायची नाही. आमच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. शिरूर तालुक्यात गेल्या काही वर्षांत लहान पोरं त्याच्या तोंडी गेलीत. बिबट्या उंची बघतो असं आमच्याकडं घरोघरी सांगतात. वनखात्याची माणसंही सांगतात, अंधार पडल्यावर वाकू नका, पोरांना एकटं सोडू नका. मग जमिनीपासून दोन फुटांवर पोर बसवून मी संध्याकाळची वाट चालू? पाचच्या पुढं लेक कडेवर, तीही छातीशी धरून. म्हणजे चार वाजता बाजार सोडायचा, आणि भाजी स्वस्त होते ती पाचनंतर.

लंडनसारखा फूटपाथ मी मागत नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्चावे लागतात. दोन्ही एकत्र करून गावात कमरेइतक्या उंचीचा एक ओटा, वर पत्रा, आणि त्याच्याकडं जाणारी एक सपाट, अडथळा नसलेली वाट होणार नाही का? पोर घटकाभर टेकवायचं, पाजायचं, पिशवी नीट लावायची. प्रत्येक गावाला स्मशानाच्या वाटेवर विसावा असतो, तिरडी टेकवायला. मेलेल्याला टेकवायची सोय वाडवडिलांनी केली. जिवंत पोर टेकवायची राहून गेली. सरपंचपदं निम्मी बायकांकडं आहेत आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायचा नियम आहे. पुढच्या सभेला मी हा विषय मांडणार आहे. सभेला लेक येणारच, कडेवर.

गाडीचं म्हणाल तर ती पडून नाही. आत्या तिच्यातून गिरणीवर दळण नेतात. पंधरा किलो ज्वारी, वर डबा, पट्टा लावलेला, खोबणीत मिसरी. गुडघे दुखत असताना त्यांना धरायला दांडा मिळाला, त्यामुळं त्या आता स्वतःहून गिरणीला निघतात. गटाराच्या जाळीवर त्यांनी एक फळी आणून टाकलीय. परवा शेजारच्या काकू दारात येऊन विचारत होत्या, बाजारच्या दिवशी तुमचा तो गाडा मोकळा असतो का?