दुभत्या गाईच्या लाथा

अमेरिकन नट चार्ली शीनला ७ मार्च २०११ रोजी वॉर्नर ब्रदर्सने 'टू अँड अ हाफ मेन' या मालिकेतून काढले. याला नीतीचा विजय म्हणणारे अजून भेटतात. कसली नीती? तारखा पाहा. डिसेंबर २००९ : पत्नीवर हल्ल्याच्या आरोपावरून अटक. मे २०१० : आणखी दोन वर्षांचा करार! ऑगस्टमध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, तरी मालिका चालूच. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने निर्माता चक लॉरीचा जाहीर पाणउतारा केला आणि पंधरवड्यात गच्छंती! म्हणजे बायकोवरचा हल्ला चालतो, निर्मात्याचा अपमान चालत नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोडच लागतात हो, पण त्या दुसऱ्याला बसतात तोवरच.