घरातलं विज्ञान : दिव्यातला पारा

दोस्तांनो, तुमच्या जिन्यात किंवा मोरीत अजून एखादा वेटोळ्या नळीचा सीएफएल दिवा असेल. त्याची नळी पांढरी का असते, सांगा पाहू? शोभेसाठी? छे! खरा उजेड तो पांढरा थरच देतो.

जुन्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून लाल-पिवळी होते. त्यात बहुतेक वीज उष्णतेतच जाते. सीएफएलची युक्ती वेगळी. नळीत पाऱ्याची थोडीशी वाफ असते. बटण दाबलं की नळीतून इलेक्ट्रॉन धावतात आणि पाऱ्याच्या अणूंना धडकतात. मग अणू अतिनील किरण सोडतात. ते आपल्याला दिसत नाहीत. पण काचेला आतून लावलेल्या थरावर पडले की थर उजळतो!

हिशेब करा. 60 वॉटचा बल्ब रोज 5 तास लावला, तर 30 दिवसांत 9 युनिट वीज जळते. जवळपास तेवढाच उजेड देणारा 14 वॉटचा सीएफएल 2.1 युनिटमध्ये भागवतो.

पारा म्हटल्यावर आई दचकली ना? तो असतो जेमतेम काही मिलिग्रॅम. काच शाबूत असेल, तर तो बाहेर येतच नाही. नळी फुटली तर मात्र नीट वागायचं. पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. पुढचं काम मोठ्यांचं. केरसुणी फिरवायची नाही, कारण तिनं पारा आणि भुकटी पसरते. हातमोजे घालून पुठ्ठ्यानं काच गोळा करायची, बारीक कण चिकटपट्टीनं उचलायचे आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करायचं.

आणि ती बरणी? कचऱ्याच्या डब्यात मुळीच नको! पुण्यात 2008 पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेचे सभासद दारोदार कचरा गोळा करतात. सुका कचरा त्या ताई-मावश्या हातांनी निवडतात. आपल्या घरातून गेलेली काच त्यांच्या बोटांत शिरते. म्हणून बरणीवर ठळक लिहा : 'फुटलेला दिवा – पारा'. न फुटलेला, पण बंद पडलेला सीएफएल किंवा ट्यूबही पुठ्ठ्यात गुंडाळून ई-कचऱ्यात वेगळी द्या.

आता दुकानात एलईडी दिवे मिळतात. त्यात पारा नसतो आणि वीज आणखी कमी लागते. पण माळ्यावरच्या जुन्या ट्यूबचं काय? या रविवारी बाबांना घेऊन मोजा बरं, किती निघतात!