उजेडाला झाकण घाला

चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये महापालिकेने तारांगण उभारले आहे. दिवे मंदावतात, घुमटावर सप्तर्षी आणि मृग उमटतात, आणि मुले हरखून जातात. परंतु खेळ संपल्यावर तीच मुले बाहेर येऊन मान वर करतात, तेव्हा त्यांना काय दिसते? धुरकट, करडा उजेड आणि त्यातून कसेबसे डोकावणारे मोजके तारे! जे आकाश महापालिका घुमटाखाली तिकीट घेऊन दाखविते, तेच ती रस्त्यारस्त्यावर फुकट पुसून टाकीत आहे.

हा केवळ कवींच्या हळहळीचा प्रश्न असता, तर त्यासाठी आम्ही पहिल्या पानावरील जागा अडविली नसती. पुणे-नाशिक महामार्गाने निघाले की भोसरी, मोशी, चाकण असा कारखान्यांचा पट्टा लागतो. आणि त्याच दिशेने पुढे, पुण्यापासून सुमारे 80 किलोमीटरांवर, गिरवलीच्या डोंगरावर ‘आयुका’ची वेधशाळा आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी नावारूपाला आणलेल्या या संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण तेथे 2006 साली कार्यान्वित झाली. अशा दुर्बिणीला बाधा होण्यासाठी दिवा समोर यावा लागत नाही. वर गेलेला उजेड हवेतील धुळीवर आणि बाष्पावर आदळून पसरतो, आकाशाची पार्श्वभूमीच उजळते आणि मंद तारा तिच्यात बुडतो. आणखी मोठी दुर्बीण आणावी, तर ती ताऱ्याबरोबर तो नको असलेला उजेडही अधिक गोळा करते! त्यातून हल्लीच्या पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांत निळ्या प्रकाशाचा अंश मोठा असतो, आणि ज्या कारणाने दिवसाचे आकाश निळे दिसते, त्याच कारणाने तो अधिक विखुरतो.

हे संकट जगभर आहे. आकाश निरीक्षकांनी 2011 ते 2022 या काळात केलेल्या नोंदींवरून संशोधकांनी 2023 साली असा निष्कर्ष काढला की, रात्रीच्या आकाशाचा उजाळा दरसाल सुमारे 10 टक्क्यांनी वाढत आहे. या गतीने, जन्माच्या वेळी जेथे 250 तारे दिसत होते, तेथे ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत जेमतेम 100 उरतील.

पुण्याने एक वेधशाळा पूर्वी गमावली आहे. कावसजी नायगमवाला यांनी विज्ञान महाविद्यालयात उभारलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्या निवृत्तीबरोबर 1912 साली बंद झाली आणि तिची त्या काळी देशात सर्वांत मोठी असलेली 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेथे निदान माणसाच्या निवृत्तीचे कारण होते. गिरवलीचे काम दिव्यांच्या पायी खुंटले, तर कोणते कारण सांगणार?

नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटीच्या 30 रेडिओ दुर्बिणी आहेत. त्यांना बाधा पोहोचेल म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा मूळचा मार्ग सोडण्याचे केंद्र सरकारने ठरविले. जुन्नर आणि आंबेगावच्या लोकांना ते रुचलेले नाही, आणि त्यांच्या नाराजीला आम्ही नावे ठेवणार नाही; दाराशी येणारी रेल्वे दूर जाणे ही लहान गोष्ट नव्हे. पण विज्ञानासाठी त्या तालुक्यांनी रेल्वे सोडावी आणि पिंपरी-चिंचवडने दिव्याला साधी छत्रीही घालू नये, हा कोठला न्याय?

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो खरा आहे. चाकणमध्ये रात्रपाळी चालते. मध्यरात्री पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसथांब्यापासून खोलीपर्यंत चालत जाणाऱ्या मुलीला अंधाराचे कौतुक सांगणारा मनुष्य निर्दय म्हटला पाहिजे. पण अंधार करा असे कोण म्हणते? नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी तेथील गावे अंधारात ढकललेली नाहीत. शंभरांहून अधिक दिवे बदलून त्यांचा झोत जमिनीकडे वळविला. उघड्या दिव्याचा काही उजेड आकाशात जातो आणि काही डोळ्यांत घुसून समोरचा खड्डा दिसू देत नाही. तोच उजेड पायांखाली पडला, तर त्या मुलीचा रस्ता अधिक उजळेल आणि विजेचे बिलही उतरेल.

स्लोव्हेनियाने 2007 साली याविषयी नियम केले. फ्रान्सने 2018 साली. आपल्याकडे लडाखमधील हानले येथे 2022 साली राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि गावकऱ्यांनाच दुर्बिणी देऊन मार्गदर्शक म्हणून तयार करण्यात आले. गिरवलीभोवती असे क्षेत्र राज्य सरकारने आखावे, अशी आमची मागणी आहे. चाकणला हानले करता येणार नाही, हे आम्हांस कळते. परंतु महापालिका आणि औद्योगिक विकास महामंडळ यांना आपल्या खांबांवर झाकलेले, पिवळसर दिवे बसविता येतील. गोदामांच्या आवारातील आडवे झोत खाली वळवा, असे बजावता येईल. आणि जाहिरात फलकांवर खालून वर रोखलेले दिवे मध्यरात्रीनंतर मालविता येतील. रात्री दोन वाजता सदनिकांची जाहिरात वाचणारा ग्राहक आम्हांला तरी अद्याप भेटलेला नाही!

पथदिव्यांच्या पुढील निविदा निघतील, तेव्हा झाकणाची अट त्यांत छापलेली आहे की नाही, हे आम्ही पाहणार आहोत.