गोचिडांची तालुकावार मोजणी

रिकेट्सिया हे अतिशय सूक्ष्म जिवाणू जिवंत पेशीबाहेर वाढू शकत नाहीत. त्यांच्या बऱ्याच जातींचे कायमचे ठिकाण म्हणजे गोचीड. मादी गोचिडाच्या अंड्यांतून ते पुढच्या पिढीत उतरतात आणि सहा पायांच्या अळीपासून आठ पायांच्या प्रौढापर्यंत, प्रत्येक वेळी कात टाकल्यावरही, टिकून राहतात. त्यामुळे एखाद्या रानातले किती गोचीड हे जिवाणू बाळगून आहेत हे मोजले, की त्या रानाची एक ओळख हाती लागते. माणूस आजारी पडण्याआधीच मिळणारी ही माहिती सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मोलाची आहे. मात्र तिचा अर्थ लावताना मोठी गफलत होते. टक्का मोठा म्हणून धोका मोठा आणि टक्का लहान म्हणून निर्धास्त राहावे, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. धार आणि देवास या माळव्यातल्या दोन जिल्ह्यांत गोचिडांची मोजणी तालुकावार आणि जातवार व्हायला हवी, ती याच कारणासाठी.

आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला गुरांवर आढळणाऱ्या अँब्लिओमा कुळातल्या गोचिडांत रिकेट्सिया आफ्रिके ही जात सर्रास सापडते. अनेक ठिकाणी तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक गोचीड बाधित निघाले आहेत. तिथून परतलेल्या पर्यटकांना ताप येतो, चाव्याच्या जागी काळी खपली धरते आणि बहुतेक जण लवकर बरे होतात. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरचे चित्र नेमके उलटे. कुत्र्यांच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडांत रिकेट्सिया कोनोरी शोधायला गेले, तर बहुतेकदा शंभरात जेमतेम एखाददुसरा बाधित मिळतो. पण त्यातून होणारा पुरळाचा ताप वृद्ध आणि मधुमेही रुग्णांच्या जिवावर बेततो. अमेरिकेतही तेच. सर्वांत घातक मानली जाणारी रिकेट्सिया रिकेट्सी ही जात तिथल्या रानातल्या गोचिडांत शंभरात एकाहूनही कमी प्रमाणात आढळते, आणि माणसाला फारसा अपाय न करणारी रिकेट्सिया अँब्लिओमॅटिस दक्षिणेकडच्या राज्यांत एकाच जातीच्या गोचिडांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिकांत सापडते. घातक जात दुर्मीळ राहण्याचे एक कारण असे, की ती स्वतःच्या वाहकालाही मारते. बाधित मादी कमी अंडी घालते, त्यातली पिल्लेही कमी जगतात. सौम्य जात गोचिडाला त्रास देत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पसरत जाते.

मॉन्टाना राज्यातल्या बिटररूट दरीचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. याच दरीतल्या तापावर काम करताना १९०६ मध्ये हॉवर्ड टेलर रिकेट्स यांनी हा आजार गोचिडामुळे होतो हे सिद्ध केले. चार वर्षांनी मेक्सिकोत टायफसचा अभ्यास करताना त्याच आजाराने त्यांचा मृत्यू झाला. जिवाणूला त्यांचेच नाव मिळाले. बिटररूट नदीच्या पश्चिम तीरावर हा ताप माणसे मारत होता. पूर्व तीरावर गोचीड तितकेच, जातही तीच, पण रुग्ण जवळजवळ नाहीत. हे कोडे उलगडायला पाऊणशे वर्षे लागली. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की पूर्वेकडच्या बहुसंख्य गोचिडांत दुसरीच एक निरुपद्रवी रिकेट्सिया वास्तव्य करून आहे. ती मादीच्या अंडाशयात ठाण मांडते आणि घातक जातीला अंड्यांपर्यंत पोहोचू देत नाही. पुढे तिचे नाव रिकेट्सिया पीकॉकी असे ठेवण्यात आले. केवळ ‘रिकेट्सिया आहे की नाही’ एवढेच सांगणारी चाचणी त्या दरीत लावली असती, तर सुरक्षित पूर्व तीरच अधिक धोक्याचा ठरला असता.

भारतात गोचिडजन्य रिकेट्सिया तापाची नोंद शंभर वर्षांहून जुनी आहे. लष्करी वैद्यकीय सेवेतले मेगॉ यांनी १९१७ मध्ये कुमाऊंच्या डोंगराळ भागातल्या टायफससारख्या तापाचे वर्णन केले आणि १९२१ मध्ये तो गोचिडांपासून होत असावा असे मांडले. इथल्या जिवाणूला २००५ मध्ये रिकेट्सिया कोनोरीची ‘इंडिका’ ही स्वतंत्र उपजात म्हणून मान्यता मिळाली. भूमध्य प्रदेशातल्या रुग्णांत हमखास दिसणारी चाव्याच्या जागेची काळी खपली भारतीय रुग्णांत क्वचित दिसते, ही या उपजातीची डॉक्टरांना चकवणारी खूण. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या गोचिडजन्य रिकेट्सिया आजारांचा अभ्यास १९८४ मध्येच प्रसिद्ध केला होता. २००६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या, अंगावर पुरळ उठलेल्या एका वर्षाच्या बाळाच्या नमुन्यात तोवर अज्ञात असलेली रिकेट्सिया सापडली. तिला ‘रिकेट्सिया केली’ असे नाव मिळाले. आणि २०११ मध्ये अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी मध्य भारतातल्या मुलांचा अनुभव गाठीशी धरून लक्षणांना गुण देण्याची एक पद्धत सुचवली. मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबता येत नाही, तिथे तळव्यांवरचे पुरळ, हातापायांची सूज, गोचीड चावल्याची किंवा घरात गुरे-कुत्री असल्याची माहिती यांवरून निदानाकडे कसे जावे, हे सांगणारे हे काम अतिशय व्यवहारी आहे. अकोल्याहून माळवा फार दूर नाही, आणि सातपुडा ओलांडताना गोचीड राज्याची सीमा पाहत नाही.

धार जिल्ह्यात तीन निरनिराळे मुलूख एकत्र येतात. धार-बदनावरकडे काळ्या मातीचे पठार, सोयाबीन आणि गहू. सरदारपूरकडे तणमोरासाठी राखलेले गवताळ रान. मांडूच्या कड्याखाली उतरले की मनावर, कुक्षी, धरमपुरीचा तापलेला निमाड, आणि पलीकडे नर्मदा. देवासमध्ये शहर आणि सोनकच्छचा भाग पठारावर आहे, तर दक्षिणेला बागली, कन्नौद, खातेगाव हे सागवानी जंगलाचे तालुके, त्यातच खिवनीचे अभयारण्य. भिल्ल, भिलाला, बारेला, कोरकू वस्त्यांत माणसे, बैल, शेळ्या आणि कुत्री एकाच अंगणात राहतात. शिवाय दरवर्षी राजस्थान आणि कच्छकडून रबारी मेंढपाळ आपले कळप आणि उंट घेऊन या भागातून जातात. इतकी वेगळी जमीन आणि इतकी ये-जा असलेल्या प्रदेशासाठी ‘माळव्यातले इतके टक्के गोचीड बाधित’ असा एकच आकडा काढण्यात अर्थ नाही.

गोचिडांच्या जातींनीही फरक पडतो. गायी-बैलांच्या मानेखालच्या पोळीवर, कासेजवळ आणि शेपटीच्या मुळाशी जो निळसर करडा, रक्ताने टम्म फुगलेला गोचीड दिसतो, तो बहुधा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. तो अळीपासून प्रौढापर्यंत एकाच जनावरावर राहतो, म्हणून माणसाला सहसा चावत नाही. पशुपालकाला त्याचा जाच फार, दूध घटते, जनावराला रक्तलघवीचा आजार होतो. पण त्याच्यात रिकेट्सिया सापडली तरी त्यावरून माणसाच्या धोक्याचा अंदाज बांधणे घाईचे होईल. हायलोमा कुळातले लांब पायांचे गोचीड वेगळे. ते गवताच्या पात्यावर वाट पाहत न बसता सावजाचा मागोवा घेत धावत येतात. २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातल्या कोलाट गावात उद्भवलेला क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप याच कुळातले गोचीड वाहतात, आणि धारपासून पश्चिमेला गुजरात फार दूर नाही. जंगलात आणि झुडपांत हीमाफायसॅलिस कुळातले लहान गोचीड असतात. चराईला जाणाऱ्याच्या पायाला अळ्या चिकटतात त्या बऱ्याचदा यांच्या.

माणसाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा मात्र कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. त्याला रान लागत नाही. मातीच्या भिंतीच्या भेगा, ओट्याखालची फट, पोत्यांची थप्पी एवढे त्याला पुरते, म्हणजे देवासच्या गल्लीतही तो आरामात राहतो. एरवी तो कुत्र्यावरच समाधान मानतो. उष्णता वाढली की त्याचे वागणे बदलते: फ्रान्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २५ अंशांपेक्षा ४० अंशांत ठेवलेले हे गोचीड माणसाला चावण्यास कितीतरी अधिक उत्सुक दिसले. निमाडच्या मे महिन्याला ४० अंश म्हणजे साधा दिवस.

मोजणीची पद्धत साधी दिसते, पण आकडा तिच्यावरच ठरतो. गवतावरून पांढरे फलाणीचे कापड हळूहळू ओढत न्यायचे आणि ठरावीक अंतरावर उलटून त्याला चिकटलेले गोचीड चिमट्याने वेचायचे, ही एक रीत. कापडावर येतात ते भुकेले, अजून न जेवलेले गोचीड. त्यांच्यात जिवाणू सापडला तर तो त्यांचा स्वतःचा. धावून येणारा हायलोमा आणि भिंतीतला तपकिरी गोचीड या कापडाला लागत नाहीत, त्यांना गुरा-कुत्र्यांच्या अंगावरून काढावे लागते. पण अंगावरून काढलेल्या गोचिडाच्या पोटात त्या जनावराचे रक्त असते, आणि चाचणीत दिसलेला जिवाणू गोचिडाचा की रक्तातून आलेला हे कळत नाही. खर्च वाचवण्यासाठी दहा-दहा गोचीड एकत्र वाटून तपासतात. समजा, ५०० गोचिडांचे ५० गट केले आणि ५ गट बाधित निघाले. प्रत्येक गटात निदान एक बाधित धरला तर प्रमाण किमान १ टक्का. गटांच्या हिशेबाने तेच १० टक्के छापून येऊ शकते. दोन प्रदेशांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी ते एकाच पद्धतीने काढलेले आहेत का, हे पाहिलेच पाहिजे. आणि जनुकाची चाचणी कुळापाशी न थांबता जातीपर्यंत गेली पाहिजे; बिटररूटच्या दोन तीरांतला फरक तेवढ्यानेच कळतो.

हे काम करायला लागणारे हात या भागात आहेत. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचे, इंदूरपासून अर्ध्या-पाऊण तासावर. इंदूरचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, भोपाळचे एम्स आणि तिथलीच प्राण्यांच्या रोगांवरची उच्चसुरक्षा संस्था, जबलपूरला आदिवासी आरोग्यावर काम करणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) संस्था. पशुवैद्यकाने गोचीड वेचायचा, आरोग्य खात्याने तापाचे रुग्ण मोजायचे आणि दोन्ही नोंदी वेगवेगळ्या कपाटांत पडून राहायच्या, ही रीत मोडल्याशिवाय यातून काही निष्पन्न होणार नाही. हा प्रश्न पैशाचा फारसा नाही. एका जिल्ह्यात दोन तालुके, प्रत्येकी काही गावे, गावांत कुत्री, गुरे आणि रान असे तीन ठिकाणचे नमुने एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

मोजणी होईपर्यंत डॉक्टरांनी वाट पाहावी असे मात्र मुळीच नाही. २०१५ मध्ये आयसीएमआरने रिकेट्सिया आजारांच्या उपचारासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांत संशयित रुग्णाला अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करण्याचा आग्रह आहे, आणि तो लहान मुलांनाही लागू आहे. हे औषध स्वस्त आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली महाग इंजेक्शने येथे निरुपयोगी ठरतात. तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी पुरळ दिसले की ‘गोवर असेल’ किंवा ‘डेंगी असेल’ म्हणून घालवलेले दोन दिवस बोटांना, कानाच्या पाळीला गँग्रीन होईपर्यंत महागात पडू शकतात. वेल-फेलिक्स या जुन्या रक्तचाचणीतून अनेक रुग्ण सुटतात, म्हणून ती नकारार्थी आली तरी संशय सोडू नये. या आजारासारखाच दिसणारा स्क्रब टायफस गोचिडांमुळे होत नाही. तो अगदी बारीक लाल किड्यांच्या अळ्यांमुळे होतो आणि त्याचा जिवाणू १९९५ पासून ओरिएन्शिया या वेगळ्या कुळात गणला जातो. औषध तेच, पण मोजणीत दोन्ही एकत्र टाकले तर कुठले रान धोक्याचे, हे कधीच कळणार नाही.

गावपातळीवर सवयही बदलावी लागेल. बैलाच्या अंगावरचा गोचीड उपटून नखाने चिरडणे सर्वत्र चालते. त्या रक्तातून आणि रसातून जिवाणू बोटाच्या चिरेत किंवा डोळ्यात जाऊ शकतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकावा आणि हात धुवावेत. गोचीड चिकटल्यावर जिवाणू शिरायला सहसा काही तास लागतात, म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर मुलांचे पाय, काखा आणि केसांची मुळे तपासणे खरोखरीच उपयोगी पडते.

कुत्र्यांकडे लक्ष दिल्याने काय साधते, हे अ‍ॅरिझोनातल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांनी दाखवून दिले. तिथे २००३ नंतर तपकिरी गोचिडांमधून रिकेट्सिया रिकेट्सी पसरली आणि माणसे, विशेषतः मुले, दगावली. २०१२ मध्ये एका वस्तीतल्या सगळ्या कुत्र्यांना गोचीडनाशक पट्टे बांधले, अंगणांत फवारणी केली. काही महिन्यांनी तिथे शंभरातल्या एकाहूनही कमी कुत्र्यांवर गोचीड दिसले. शेजारच्या, मोहीम न झालेल्या वस्तीत हे प्रमाण ६४ टक्के होते. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस यांसाठी पालिका एरवीही कुत्री पकडतातच. त्याच वेळी गोचीडनाशक लावणे आणि काढलेले गोचीड तारीख, वॉर्ड आणि जनावर लिहून बाटलीत महूला पाठवणे धार आणि देवासच्या पालिकांना सहज जमण्यासारखे आहे. नमुन्यांची पहिली फेरी पहिल्या पावसानंतर गवत उगवले की, दुसरी सोयाबीनच्या कापणीला माणसे शेतात उतरतात तेव्हा, आणि तिसरी मेच्या उन्हात, असे वर्षाचे वेळापत्रक ठरवून निकाल प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे पुढच्या पावसाळ्यापूर्वी पोहोचवावेत.