बूट द्या, पावलांना मोकळीकही द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



सरकारी शाळांतल्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. काटे, काचा आणि तापलेली वाट तुडवत शाळेत येणाऱ्या मुलांसाठी तो मोलाचा आहे. आता हे बूट कसे असावेत, हेही शासनाने ठरवावे, ही विनंती.

चालताना पोटरीचे स्नायू टाच उचलतात, तळपायातले बारीक स्नायू कमान सावरतात, बोटे जमीन मागे रेटतात. हे स्नायू वापरानेच बळकट होतात. कडक तळव्याच्या बुटात पाऊल नीट वाकत नाही, निमुळत्या टोकात बोटे पसरत नाहीत आणि वाढीच्या वयातच या स्नायूंचे काम कमी होते.

मणिपालच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के निघाले, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. चपला, सँडल वापरणाऱ्यांत कमी. सपाट पाऊल दुखतेच असे नाही. पण पादत्राणाचा पावलाच्या घडणीशी संबंध आहे, हे यातून दिसते.

म्हणून तीन मागण्या. एक, एका मुलामागे १७० रुपयांची तरतूद आहे; त्यात चामड्यासारखा दिसणारा कडक बूट घेण्याऐवजी हाताने सहज वाकणारा, सपाट टाचेचा, पुढे रुंद असा साधा कापडी बूट घ्यावा. दोन, खरेदीपूर्वी प्रत्येक मुलाला उभे करून त्याचे पाऊल कागदावर आखून घ्यावे. या वयात पाऊल वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर वाढते, म्हणून पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी; मात्र दोन वर्षे पुरावेत म्हणून ढगळ बूट देऊ नयेत. तीन, पट्ट्याचे सँडल घालणाऱ्या मुलाला शिक्षा होऊ नये, आणि स्वच्छ मैदानावर लंगडी, खो-खो अनवाणी खेळू द्यावे. वर्गाबाहेर पादत्राणे काढण्याची अनेक गावशाळांतली रीतही तशीच राहू द्यावी.

यातल्या एकाही मागणीला जादा निधी लागत नाही. पुढच्या खरेदीआधी एवढे निकष परिपत्रकात घाला.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका